रेफ्युजियममध्ये छोटा मासा सोडण्याआधी

(समुद्री टँक असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

"खाली सम्पमध्ये एवढी जागा मोकळी आहे, त्यात एखादा छोटा क्लाऊन किंवा डॅमसेल सोडला तर चालेल ना?" घोडबंदर रोडच्या टॉवरांपासून ऐरोली-वाशीपर्यंत सगळीकडून हा प्रश्न आम्हाला येतो. सम्प म्हणजे मुख्य टँकखाली कॅबिनेटमध्ये ठेवलेली, पंपाने वरच्या टँकला जोडलेली टाकी, आणि रेफ्युजियम म्हणजे तिच्यातला शेवाळ वाढवायचा खण. बऱ्याचदा मासा आधीच सोडलेला असतो आणि फोन नंतर येतो. आमचं उत्तर ठरलेलं आहे: सोडू नका. दुकानदार उगाच अडवतो असं कोणाला वाटू नये म्हणून कारणं इथे सविस्तर लिहीत आहोत.

ती जागा मोकळी नसते. रात्री घरातले दिवे आणि रेफ्युजियमचाही दिवा बंद करून टॉर्च घ्या आणि रेफ्युजियमच्या काचेवर जवळून उजेड टाका. काचेवर सरकणारे पांढरे ठिपके दिसतील, ते कोपेपॉड. किटोमॉर्फा या दोऱ्यासारख्या शेवाळाच्या गुंत्यात वाकड्या अंगाचे, झुरळासारखे पळणारे दिसतील, ते अँफिपॉड. वरच्या टँकमध्ये मासे आहेत म्हणून हे जीव तिथे वाढत नाहीत. खाली त्यांना खाणारं कोणी नसतं, म्हणून ते वाढतात आणि त्यांची पिल्लं पंपातून थोडी थोडी वर जात राहतात. मँडरिनसारखा मासा दिवसभर दगडांवरून हेच टिपत फिरतो. तुम्ही सोडलेला दीड इंचाचा डॅमसेलही तेच खातो, आणि त्याला तर ते आयतं, कोंडलेलं मिळतं. क्लाऊन, सिक्सलाइन रास, डॉटीबॅक, अगदी गरीब दिसणारी गोबीसुद्धा याला अपवाद नाही. बियाण्याच्या पोत्यात चिमण्या कोंडल्या तर पेरायला काय उरणार?

दुसरी गोष्ट खाण्याची. मासा आहे म्हटल्यावर तुम्ही त्याला खाणं घालणारच. रेफ्युजियममध्ये प्रवाह मुद्दाम मंद ठेवलेला असतो, त्यामुळे उरलेले दाणे स्किमरपर्यंत (पाण्यातली घाण फेसातून काढणाऱ्या यंत्रापर्यंत) पोचत नाहीत. ते वाळूत आणि शेवाळाखाली बसून कुजतात. त्यातून अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट. जो नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घ्यायला आपण किटोमॉर्फा लावतो, तोच आपण त्याच खणात तयार करायला लागतो. "शेवाळ तर छान वाढतंय, तरी नायट्रेट उतरत नाही" अशी तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न असतो, खाली मासा आहे का?

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट, म्हणजे तो मासा परत काढणं. किटोमॉर्फाच्या गुंत्यात शिरलेला डॅमसेल जाळीने सापडत नाही. सगळं शेवाळ बाहेर काढावं लागतं, दगडाचे तुकडे उचलावे लागतात आणि तेवढ्यात तळाचा गाळ ढवळून सगळ्या टँकभर पसरतो. तोवर आमचा मुलगा कॅबिनेटमध्ये अर्धा आत शिरून बसलेला असतो. या कामासाठी आम्ही वेगळी व्हिजिट फी घेतो, त्याबद्दल काहीजण नाराज होतात. पण त्यात अर्धा दिवस जातो आणि पुढचे काही दिवस टँकवर लक्ष ठेवावं लागतं, तेही आमचंच काम असतं. मासा आत गेलाच नाही, तर ना तुमचे पैसे जातात ना आमचा दिवस.

ओव्हरफ्लोमधून, म्हणजे वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं त्या वाटेने, चुकून खाली पडलेल्या माशाची गोष्ट वेगळी. तो तुमचा दोष नाही. पडल्या पडल्या, शेवाळात घुसण्याआधी, जाळीने उचलून वर सोडा. मग ओव्हरफ्लोच्या दातऱ्या तपासा. एखादा दात तुटला असेल किंवा माशाच्या मानाने फट मोठी असेल, तर ओव्हरफ्लो दुकानात घेऊन या, जाळी बसवून देतो.

"आजारी आहे म्हणून खाली ठेवला"

हे तर अजिबात करू नका. वरचं आणि खालचं पाणी एकच आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या अंगावर काही दिवस राहतो, मग गळून वाळूवर, दगडावर, काचेवर चिकटतो आणि तिथून नवे परजीवी पोहत बाहेर पडतात. पंप त्यांना थेट वर नेऊन सोडतो. मासा खाली हलवून तुम्ही त्याला वेगळं केलेलं नसतं. आणि खाली तांब्याचं औषध टाकलं तर कोपेपॉड, कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळंच संपेल.

आजारी माशासाठी वेगळा टँकच लागतो. 40 ते 60 लिटर, एक स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, बस. वाळू नको, दगड नको. गरज पडण्याच्या तीन-चार आठवडे आधीपासून स्पंज सम्पमध्ये टाकून ठेवा, म्हणजे त्यावर अमोनिया मोडणारे जिवाणू तयार असतात. औषधात वापरलेला स्पंज मात्र परत सम्पमध्ये टाकू नका. हा सेट आम्ही विकतो आणि भाड्यानेही देतो. वर्षातून एखाद्या वेळीच लागणार असेल तर भाड्यानेच घ्या.

दुसरे मासे मारतात म्हणून एखाद्याला हलवायचं असेल, तर वरच्याच टँकमध्ये काचेला लावायची भोकाची पारदर्शक पेटी मिळते. पाणी तेच, उजेड तोच, आणि मारणाऱ्याला आठवडाभरात त्याची सवय होते. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं.

मे महिन्याची एक वेगळी काळजी आहे. रेफ्युजियमचा दिवा आपण उलट वेळेला, म्हणजे रात्री लावतो. त्यामुळे दिवसा खाली अंधार असतो आणि शेवाळ ऑक्सिजन देण्याऐवजी वापरतं. बंद कॅबिनेटमध्ये पाणी 30 अंशांच्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन आणखी कमी मावतो. अशात दुपारी वीज गेली आणि पंप थांबला, तर खाली अडकलेला मासा आधी जातो.

समुद्रघोडा आणि पाइपफिश रेफ्युजियमसाठी मागणाऱ्यांना नम्रपणे सांगतो, आम्ही ते ठेवत नाही आणि मागवूनही देत नाही. हे सगळं कुटुंब 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. दुसरीकडे कोणी देत असेल तरी घेऊ नका. ठाणे खाडीतून किंवा उरणच्या किनाऱ्यावरून शेवाळ आणून टाकणंही नको. त्याबरोबर काय येईल सांगता येत नाही.

मग खाली ठेवायचं काय? किटोमॉर्फा, दगडाचे चार तुकडे, दोन-चार लहान गोगलगायी. कॉलर्पा हे शेवाळ दिसायला सुंदर, पण कधी कधी एका रात्रीत पांढरं पडून सगळं शोषलेलं पाण्यात परत सोडतं, म्हणून आम्ही नवीन ग्राहकाला ते देत नाही. शेवाळ घट्ट झालं की साधारण एक तृतीयांश काढून टाका. नायट्रेट टँकबाहेर जातो तो या काढण्यामुळेच. खणात नुसतं भरून ठेवलं तर उपयोग नाही.

मँडरिन विकण्याआधी आम्ही तुमच्या रेफ्युजियमचा रात्री टॉर्चच्या उजेडात काढलेला व्हिडिओ मागतो. काचेवर पॉड (म्हणजे ते कोपेपॉड-अँफिपॉड) दिसले नाहीत तर मासा देत नाही, पैसे हातात असले तरी. त्याऐवजी पॉडची बाटली न्या, दोन महिने खालचा खण बिनमाशाचा ठेवा आणि पुन्हा व्हिडिओ पाठवा. तोवर तुमच्या नावाचा मँडरिन आम्ही बुक करून ठेवतो, त्यासाठी आगाऊ रक्कम घेत नाही. किटोमॉर्फा हवं असेल तर येताना झाकणाची छोटी बादली आणि टँकचंच थोडं पाणी घेऊन या. पिशवीतून नेलेलं शेवाळ गर्दीच्या लोकलमध्ये गरम होऊन घरी पोचेपर्यंत मऊ पडतं.