पार्श्वभूमी : भुरट्यांचा बेत फसलाच पाहिजे का?

पडद्यावरचे गोंधळी चोर मूकपटांइतकेच जुने. पण टोळी जमवायची, बेत आखायचा आणि ऐनवेळी सगळं बोंबलायचं, हा साचा १९५० च्या दशकात पक्का झाला.

वाद आहे तो शेवटाचा. बेत फसतो तो सेन्सॉरमुळे, असं सर्रास सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. हॉलिवूडची नियमावली १९३० ची, १९३४ पासून कडक झालेली, १९६८ मध्ये गेलेली. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याकडे वळू नये, तिजोरी फोडण्याची पद्धत तपशिलात दाखवू नये, असं तिच्यात होतं. आपल्याकडची चित्रपटांच्या सेन्सॉरसाठीची १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वंही गुन्हेगारांच्या कार्यपद्धतीबद्दल असंच बजावतात.

तरीही हे उत्तर मला अपुरं वाटतं. १९५५ च्या एका फ्रेंच चित्रपटात जवळपास अर्धा तास घरफोडी चालते; संवाद नाही, संगीत नाही. तीन वर्षांनी इटलीतल्या एका चित्रपटात त्या ऐटबाज घरफोडीची टर उडवली गेली. अमेरिकी नियमावली तिथे लागू नव्हती, तरी बेत फसला. त्या चित्रपटातल्या रोमच्या रिकामटेकड्यांकडे काम नव्हतं आणि चोरीचं कसबही नव्हतं. ते एका घरात शिरून भलतीच भिंत फोडतात, त्याच घराच्या स्वयंपाकघरात पोचतात आणि हरभरे घातलेला पास्ता खाऊन निघतात. त्यांच्यातला एक पोलिसांना चुकवायला मजुरांच्या घोळक्यात शिरतो आणि थेट कामावरच ढकलला जातो. या प्रकाराचा जीव त्या बेकारीत आहे.

नागपुरात अशी कथा लिहिणाऱ्यांना दूर जावं लागत नाही. १८७७ ची एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. त्या जागेवर आता मॉल आहे. गिरणीतून घरी बसलेल्या बापाचा पोरगा इतवारीच्या सराफ्यावर डोळा ठेवतो, एवढं पुरे. धोका वेगळाच आहे. मराठी पडद्यावर आपली नागपुरी बोली बहुतेकदा नोकराच्या नाहीतर हवालदाराच्या तोंडी, हशापुरती आली. ‘काहून बे’वर (म्हणजे ‘का रे’वर) टाळी मिळाली की बेत रचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. पण दुकानाला लागून कुणाचं घर आहे, सामाईक भिंत कोणती, शटर किती वाजता पडतं, हे प्रेक्षकाला आधी पाठ व्हायला हवं. नाहीतर भलती भिंत फुटल्याचं त्याला कळणारच नाही.