'नेट स्लो आहे' म्हणजे नेमकं काय बिघडलंय?

'नेट स्लो आहे' ही तक्रार घरोघरी एकच असली, तरी तिच्या पोटात चार-पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. प्लॅन घेताना आपण एकच आकडा बघतो: १०० एमबीपीएस. हा आकडा बँडविड्थचा, म्हणजे सेकंदाला किती माहिती येऊ शकते याचा. मोजलेला असतो मेगाबिटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे डाउनलोडचा वेग सेकंदाला १२.५ मेगाबाइटच्या वर जात नाही आणि ग्राहकाला वाटतं, आपल्याला टोपी घातली!

खरं दुर्लक्ष होतं ते लेटन्सीकडे. माहिती छोट्या-छोट्या पॅकेटांतून प्रवास करते. पॅकेट जाऊन त्याचं उत्तर परत यायला लागणारा वेळ, ही लेटन्सी. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. केबल अगदी नाकासमोर टाकली असती, तरी जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षात ती वळसे घेत जाते, वाटेत राउटर लागतात, म्हणून वेळ आणखी वाढतो. १०० चा प्लॅन ३०० चा केला म्हणून प्रकाश काही जोरात पळत नाही. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओ कॉल लावला की मात्र दोघं एकदम बोलायला लागतात आणि एकदमच गप्प होतात. हा विलंब दर पॅकेटला बदलू लागला की त्याला जिटर म्हणतात. आवाज तुटतो तो बहुधा त्यापायी, नाहीतर पॅकेटच वाटेत हरवल्याने.

हे सगळं घरबसल्या तपासता येतं. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत नेटवर्क विचित्र वागायला लागलं, तेव्हा माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये एका संध्याकाळी पिंग हा छोटासा प्रोग्राम लिहून काढला. तो आजही जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरवर असतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आधी घरच्या राउटरला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे त्याचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. चार पॅकेटं जातात आणि प्रत्येकाचा वेळ समोर येतो. इथेच पॅकेटं गळत असतील, तर दोष घरातल्या वायफायचा; कंपनीशी भांडून उपयोग नाही. राउटर ठीक असेल, तर ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला पिंग करा. तिथे गडबड दिसली, तर बिघाड बहुधा घराबाहेर. तिथूनही नीट उत्तर आलं, पण नाव टाकून एकही साइट उघडत नसेल, तर संशय डीएनएसवर घ्यायचा. (काही सर्व्हर मुद्दाम पिंगला उत्तर देत नाहीत, तो बिघाड समजू नये.)

साइटच्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणं, हे डीएनएसचं काम. तेवढं एक अडलं की काय होतं, ते ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री सगळ्यांनी पाहिलं. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सहाएक तास ठप्प होते. देखभालीदरम्यान दिलेल्या एका कमांडमुळे फेसबुकची डेटा सेंटर (सर्व्हर ठेवलेली केंद्रं) जोडणारं अंतर्गत नेटवर्क तुटलं. डेटा सेंटरशी संपर्क गेल्यावर कंपनीच्या डीएनएस सर्व्हरनी, ठरलेल्या नियमाप्रमाणे, आपल्याकडे येणाऱ्या वाटांची बीजीपीवरची घोषणा मागे घेतली. बीजीपी म्हणजे इंटरनेटवरच्या मोठ्या नेटवर्कांनी एकमेकांना 'माझ्याकडे येण्याची वाट ही' असं सांगण्याची पद्धत. सर्व्हर चालू होते, पण त्यांचा पत्ता जगाला सापडेना. दुरुस्तीची हत्यारंही त्याच नेटवर्कवर अवलंबून, त्यामुळे इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये स्वतः जावं लागलं. उपकरणांपर्यंत पोचायची दुसरी, स्वतंत्र वाट राखण्याला आउट-ऑफ-बँड मॅनेजमेंट म्हणतात. ती मुख्य वाटेच्या सोबतच बंद पडली, तर असून नसून सारखीच.

कंपन्या लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखलेली जोडणी, घेतात तेव्हा करारात एसएलए असतो, सेवेची लेखी हमी. '९९.९ टक्के अपटाइम' (सेवा चालू राहण्याचा वेळ) कागदावर भरभक्कम दिसतो, पण त्यात ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद राहायला मुभा आहे. ९९.९९ म्हटलं की ती सव्वाचार मिनिटांवर येते. शेवटच्या त्या एका नऊसाठी दुसरी केबल, दुसरा राउटर, रात्रपाळीचा माणूस, असं सगळं लागतं, किंमत त्याचीच. शिवाय नियोजित देखभालीचा वेळ बहुतेक करारांत या हिशेबातून वगळलेला असतो. आणि अपटाइममध्ये फक्त 'चालू की बंद' एवढंच मोजतात. लाइन चालू आहे पण दहा टक्के पॅकेटं गळताहेत, हा प्रकार त्यात येतच नाही. त्याची हमी लेटन्सी, जिटर, पॅकेट लॉस अशी नावं घेऊन वेगळी लिहून घ्यावी लागते.