एपॉक्सी वाळत नाही

घरी प्लायवूडची होडी बांधायला घेणाऱ्या बऱ्याच जणांची अशी समजूत असते की एपॉक्सी हा हळूहळू वाळणारा एक उत्तम गोंद आहे आणि काम घाईचे असेल तर हार्डनर थोडे जास्त घालावे, म्हणजे तो लवकर वाळतो. पांढरा गोंद वाळतो, कारण त्यातले पाणी उडून जाते किंवा लाकडात मुरते. एपॉक्सीतून मात्र जवळजवळ काहीच उडून जात नाही. रेझिन आणि हार्डनर हे जे दोन द्रव कालवले, तेच रासायनिक क्रियेने घन होतात. हा फरक नीट समजला नाही, तर होडीचा सांधा दगा देऊ शकतो.

अशा होडीत सांगाडा नाममात्र असतो, सगळी मदार सांध्यांवर असते. प्लायवूडचे तक्ते आराखड्याप्रमाणे कापायचे, कडांना छिद्रे पाडून ते तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, आतल्या कोनात एपॉक्सी आणि लाकडाची बारीक पूड यांचा लगदा गोलाईत भरायचा आणि त्यावर फायबरग्लासची पट्टी बसवायची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये बॅरी बक्नेल आणि जॅक होल्ट यांनी ‘मिरर’ ही शिडाची छोटी होडी हौशी लोकांना घरी बांधता यावी म्हणून याच रीतीने आखली. तिचे सांधे तेव्हा पॉलिएस्टर रेझिनने जोडत असत. लाकडाला अधिक घट्ट धरणारे एपॉक्सी पुढे रुळले.

त्याच्या या पकडीचे मूळ एका त्रिकोणात आहे. एपॉक्सी रेझिनच्या रेणूच्या दोन्ही टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे वलय असते. अशा कार्बनचे बंध एरवी सुमारे १०९ अंशांचा कोन राखतात. या वलयात तो ६० अंशांच्या आसपास येतो, त्यामुळे ते वाकवून धरलेल्या वेताप्रमाणे सतत ताणलेले असते. हार्डनरमधील अमाइन या नायट्रोजनयुक्त संयुगाच्या नायट्रोजनकडे बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी असते. ती वलयातल्या एका कार्बनला भिडते, त्याचा ऑक्सिजनशी असलेला बंध तुटतो, वलय उघडते आणि नायट्रोजनवरचा हायड्रोजन शेवटी त्या ऑक्सिजनकडे जातो. असा तयार झालेला हायड्रॉक्सिल गट पुढची वलये उघडायला मदत करतो, शिवाय लाकडातील सेल्युलोजवरच्या अशाच गटांशी हायड्रोजन बंध जुळवतो. दोन हायड्रोजन असलेला नायट्रोजन दोन वलये उघडू शकतो. म्हणून असे दोन नायट्रोजन असलेला हार्डनरचा एक रेणू रेझिनच्या चार रेणूंना बांधतो, त्यांची दुसरी टोके आणखी हार्डनरला जोडली जातात आणि पाहता पाहता सगळ्या सांध्यात एकच त्रिमितीय जाळे उभे राहते.

आता जास्तीच्या हार्डनरचे काय होते ते उघड आहे. वलये संपली की उरलेल्या अमाइनला जोडायला कोणी राहत नाही. जाळे विरळ राहते, सांधा मऊ पडतो आणि पाणी शोषतो. म्हणून उत्पादकाने दिलेले प्रमाण मोजूनच घ्यावे. वेग हवा असेल तर जलद हार्डनर निवडावे किंवा तापमान वाढवावे, कारण साधारण दर १० अंश सेल्सियसला ही क्रिया सुमारे दुप्पट वेगाने होते. क्रियेतून उष्णताही बाहेर पडते. खोल भांड्यात ती साठून मिश्रण धुमसू लागते, म्हणून ते पसरट ताटलीत ओतावे.

एपॉक्सीचा लेप दिला की होडी ‘कायमची जलरोधक’ होते, या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. पाण्याची वाफ या लेपातूनही अगदी सावकाश जाते. लाकडातील आर्द्रता सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, आणि लेपाचे खरे काम तेवढेच आहे. तक्त्याची कड किंवा स्क्रूचे छिद्र उघडे राहिले तर तेही साधत नाही. शिवाय अतिनील किरणांनी एपॉक्सी खराब होते, त्यामुळे वरून रंग किंवा अतिनील रोधक व्हार्निश लागतेच.

लेप तापमान उतरत असताना द्यावा. चढत असताना दिला तर लाकडातील हवा प्रसरण पावून बुडबुडे उठतात. पहिला हात पुरता घट्ट होण्याआधी दुसरा दिला, तर शिल्लक वलये आणि अमाइन एकमेकांना भेटून दोन्ही थर रासायनिकरीत्या एकजीव होतात. ती वेळ टळली, तर अमाइन आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड व ओलावा यांपासून बनलेला मेणचट थर आधी साध्या पाण्याने धुवावा आणि मगच पृष्ठभाग घासावा; उलट क्रमाने केले तर तोच थर ओरखड्यांत दाबला जातो.