ओहोळाकाठचे साइक्स

दख्खनच्या खडकाळ माळरानावर एक लहानसा, तांबूस छटेचा, डोक्यावर तुरा असलेला चंडोल आढळतो. भारताबाहेर तो कुठेही सापडत नाही, आणि तरीही पक्षिशास्त्रात तो ओळखला जातो एका इंग्रजी आडनावाने : साइक्सचा चंडोल. १८३२ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी होते. मुंबई सरकारने त्यांना १८२४ मध्ये दख्खनची सांख्यिकीय पाहणी करण्यासाठी नेमले होते, आणि गावोगावची माणसे, पिके व जमीन मोजता मोजता त्यांनी इथले पक्षीही नोंदवून ठेवले. हे घराणे मूळचे उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायरचे. योगायोग असा की आडनावे आणि जनुके यांचा परस्परसंबंध तपासणारा आधुनिक काळातील पहिला गाजलेला प्रयोग नेमका याच आडनावावर झाला. त्या प्रयोगातून काढला गेलेला निष्कर्ष अतिशय आकर्षक आहे, आणि माझ्या मते तो निम्माच खरा आहे.

हा विषय आज काढण्याचे कारण म्हणजे वंशावळ शोधून देणाऱ्या डीएनए चाचण्यांच्या जाहिराती. थोडी थुंकी नळीत भरून पाठवा, आम्ही तुमच्या आडनावाचा मूळ पुरुष सांगतो, असा त्यांचा सूर असतो. इंग्लंडमध्ये याच्या जोडीला ‘तुमच्या आडनावाचे राजचिन्ह’ चौकटीत बसवून विकणारी दुकानेही आहेत. वास्तविक तिथल्या नियमांनुसार असे चिन्ह विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वैध वारसांना दिले जाते. ते आडनावाला कधीच मिळत नाही, त्यामुळे भिंतीवर टांगलेल्या त्या ढालीला शोभेपलीकडे अर्थ नसतो. डीएनए चाचणीचे तसे नाही. तिच्यामागे खरे विज्ञान आहे. मात्र ते जाहिरातीत सांगतात त्याहून अधिक गुंतागुंतीचे आणि, मला विचाराल तर, अधिक रंजक आहे.

प्रथम आडनावाकडे पाहू. जुन्या इंग्रजीत आणि व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत लहान प्रवाहाला किंवा पाणथळ चराला जवळपास सारखाच शब्द होता, आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत तो ‘साइक’ या रूपाने अजूनही टिकून आहे. आपल्याकडचा ओहोळ हा त्याला अगदी नेमका प्रतिशब्द. असे ओहोळ पुष्कळदा दोन शेतांच्या किंवा दोन गावांच्या हद्दीचे काम करत. १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधील नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्यापूर्वी सामान्य इंग्रज माणसाला वंशपरंपरागत आडनाव नव्हते. विजेत्यांबरोबर ती पद्धत आली, आधी सरदारांत आणि दक्षिणेत रुजली, आणि उत्तरेकडील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचायला तिला चौदावे शतक उजाडले. कर गोळा करणाऱ्या कारकुनाला एकाच गावातले चार विल्यम वेगळे ओळखायचे असत. मग कुणी लोहार, कुणी जॉनचा मुलगा, तर कुणी ओहोळाकाठचा होई. यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग भागातील १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या हा या आडनावांच्या अभ्यासाचा मोठा आधार आहे.

येथे एक सोपी शंका उभी राहते. यॉर्कशायरच्या डोंगराळ पश्चिम भागात ओहोळ शेकड्यांनी आहेत. मग ओहोळाकाठचा हे आडनाव एकाच कुटुंबाने घेतले असेल, असे मानायला आधार काय? भाषेच्या आणि दप्तरांच्या अभ्यासकांचे उत्तर सरळ होते : हे आडनाव अनेक ठिकाणी, अनेक कुटुंबांत, स्वतंत्रपणे निर्माण झाले असले पाहिजे. पण नकाशा थोडी वेगळी गोष्ट सांगतो. १८८१ च्या जनगणनेत साइक्स मंडळी इंग्लंडभर विखुरलेली नसून वेस्ट रायडिंगमध्ये, विशेषतः हडर्सफील्ड आणि त्याच्या पश्चिमेकडील कोल्न नदीच्या खोऱ्यात दाटलेली दिसतात. हा लोकरीच्या कापडाचा मुलूख. माणसे हलली ती बहुधा एका खोऱ्यातून शेजारच्या गिरणीगावापर्यंत, आणि त्यामुळे सहाशे वर्षांनंतरही आडनाव आपल्या उगमापासून फारसे लांब गेले नव्हते.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील मानवी जनुकशास्त्राचे प्राध्यापक ब्रायन साइक्स यांना एका बड्या औषधकंपनीत गेले असता विचारण्यात आले की कंपनीचे अध्यक्ष सर रिचर्ड साइक्स तुमचे नातलग का. दोघांना परस्परांशी कोणतेही नाते ठाऊक नव्हते. ब्रायन यांनी प्रश्न हसण्यावारी न नेता अध्यक्षांचा नमुना मागवला, आणि दोघांच्या वाय गुणसूत्रावरील खुणा जुळल्या.

वाय गुणसूत्रच का, हे शाळेतील जीवशास्त्राच्या आधारे समजण्यासारखे आहे. आपली बाकीची गुणसूत्रे प्रत्येक पिढीत पत्त्यांसारखी पिसली जातात. वाय मात्र बापाकडून मुलाकडे जाते आणि दोन टोकांचे लहान तुकडे सोडले तर त्याची कुणाशी देवाणघेवाण होत नाही, म्हणजे ते इंग्रजी आडनावासारखेच वागते. त्यावर काही ठिकाणी डीएनएच्या चार-पाच अक्षरांचा एखादा तुकडा ओळीने दहा, पंधरा किंवा तेवीस वेळा आलेला असतो. नक्कल होताना कधीतरी एक आवर्तन वाढते किंवा गळते. अशा एका ठिकाणी हा बदल साधारणपणे पाचशे पितापुत्रांच्या जोड्यांत एकदा होतो. अशा ठिकाणांवरील आवर्तनांचे आकडे ओळीने लिहिले की त्या पितृवंशाची एक खूण तयार होते, आणि ती काही शतके तरी ओळखू येण्याइतपत टिकते.

ब्रायन साइक्स आणि कॅथरिन अर्व्हन यांनी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या साइक्स पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरील अशी चार ठिकाणे तपासली आणि २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्या पुरुषांची खूण एकच होती, आणि त्याच भागातील किंवा उर्वरित ब्रिटनमधील इतर आडनावांच्या तुलनागटांत ती एकाही पुरुषात आढळली नाही. यावरून आजच्या साइक्स पुरुषांचा मूळ पुरुष एकच असावा आणि उरलेल्या निम्म्यांत मधल्या सातशे वर्षांत कधीतरी बाहेरचे वाय शिरले असावे, असे अनुमान त्यांनी काढले. दप्तरांचे अभ्यासक चुकले आणि जनुके जिंकली, असा त्या बातमीचा सूर होता.

मला येथे थांबून एका जुन्या गणिताकडे वळावेसे वाटते, कारण माझ्या मते या प्रकरणाची खरी किल्ली तिथे आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक नामांकित घराणी निपुत्रिक होऊन आडनावासह संपत होती, आणि त्यावर ऐषारामाने प्रजननशक्ती क्षीण होते वगैरे तर्क लढवले जात. इंग्रज वैज्ञानिक फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ मध्ये विचारले की यातला किती भाग निव्वळ योगायोगाचा आहे? हेन्री वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञाने त्याचे उत्तर मांडले आणि १८७४ मध्ये दोघांनी ते मिळून प्रसिद्ध केले. वॉटसन यांची रीत अचूक होती, पण प्रत्येक आडनाव अखेरीस नष्ट होणारच, हा त्यांचा निष्कर्ष वाढत्या लोकसंख्येला लागू पडत नाही; त्याची दुरुस्ती व्हायला पुढे कित्येक दशके लागली.

त्या रीतीचा गाभा असा आहे. लोकसंख्या स्थिर आहे, म्हणजे प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा वयात येईपर्यंत जगतो, असे समजा. सरासरी एक याचा अर्थ प्रत्येकाला एक असा नव्हे. कुणाला तीन, तर कुणाला एकही नाही. मुलांची वाटणी निव्वळ योगायोगाने होत असेल, तर मुलगा नसलेल्या पुरुषांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के येते, म्हणजे पहिल्याच पिढीत १०० नव्या आडनावांपैकी ३७ पुसली जातात. दुसऱ्या पिढीनंतर गेलेल्यांचा आकडा ५३ होतो. कारण वंश संपण्यासाठी मूळ पुरुषाला मुलगा नसावा लागतो किंवा जितके मुलगे आहेत त्या प्रत्येकाची शाखा खुंटावी लागते, आणि प्रत्येक शाखा एका पिढीत खुंटण्याची शक्यता पुन्हा तीच ३७ टक्के असते. म्हणजे एका पिढीचे उत्तर पुढच्या पिढीच्या समीकरणात घालत जायचे. असे करत गेले की पाचव्या पिढीअखेर ७३, दहाव्या पिढीअखेर ८४ आणि तेराव्या पिढीअखेर ८७ आडनावे गेलेली असतात. कुणी दुबळा नव्हता, कुणाला शाप लागला नव्हता, कुणाच्या हातून पाप घडले नव्हते. पिढ्यांचे फासे पडत गेले, इतकेच.

आता हे इंग्लंडला लावून पाहू. १३०० च्या सुमारास तिथली लोकसंख्या ५० लाखांच्या जवळपास होती. १३४८-४९ च्या महामारीत ती भयंकर घटली, आणि नंतरच्या चढउतारांनंतर १७०० मध्येही ती ५० लाखांच्याच आसपास होती. चारशे वर्षे, म्हणजे सुमारे तेरा पिढ्या, बेरीज-वजाबाकी करता वाढ शून्य. समजा, १३०० मध्ये वीस वेगवेगळ्या ओहोळांच्या काठी राहणाऱ्या, एकमेकांशी काडीचेही नाते नसलेल्या वीस पुरुषांना साइक्स म्हणू लागले. वरच्या हिशेबाप्रमाणे १७०० मध्ये त्यांपैकी सरासरी दोन किंवा तीन वंशच उरतात, आणि तेही समसमान नसतात; बहुधा एकाची भरभराट झालेली असते आणि दुसरा तग धरून असतो. महामारीने मधेच निम्मी माणसे नेली हे हिशेबात घेतले, तर ही चाळणी आणखी बारीक होते. त्यानंतर औद्योगिक क्रांती येते, गिरण्यांच्या खोऱ्यात माणसे झपाट्याने वाढतात, आणि जो वंश त्या क्षणी मोठा होता तो हजारोंच्या संख्येत गेल्यामुळे कायमचा सुरक्षित होतो. आज पाहणाऱ्याला एकच ठळक खूण दिसते आणि तो म्हणतो, मूळ पुरुष एकच होता. प्रत्यक्षात प्रारंभी अनेक होते, आणि शिल्लक राहिलेल्यांत एक मोठा ठरला. योगायोगाने होणाऱ्या या चढउताराला जनुकशास्त्रात जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांतील १,६७८ पुरुषांची वाय गुणसूत्रे तपासली. एकाच पूर्वजापासून आलेल्या गटांत बसणाऱ्या पुरुषांचे प्रमाण सरासरी ६२ टक्के निघाले. काही आडनावांत ते शून्य होते, तर ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात ८७ टक्के. आडनाव जितके दुर्मीळ, तितके नाते दाट. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार प्रत्येक गावात होता; पाच लाखांहून अधिक ब्रिटिश लोक हे आडनाव लावतात, आणि दोन स्मिथांची वाय गुणसूत्रे कोणत्याही दोन अनोळखी इंग्रजांहून अधिक जुळत नाहीत. पण या अभ्यासातील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे : आडनाव गावावरून पडले, व्यवसायावरून की टोपणनावावरून, याचा त्यातील आजच्या जनुकीय वैविध्यावर परिणाम दिसत नाही, आणि कित्येक गटांचा समान पूर्वज आडनाव निर्माण झाल्यानंतर बऱ्याच काळाने होऊन गेलेला दिसतो. मधल्या काळातील ड्रिफ्टने मूळ चित्र पुसून टाकले, असाच याचा अर्थ होतो. दप्तरांचे अभ्यासक, तेव्हा, चुकले नव्हते.

राहिला प्रश्न जुळत न येणाऱ्या साइक्स पुरुषांचा. वृत्तपत्रांनी त्याचे खापर लगेच बायकांच्या एकनिष्ठतेवर फोडले, आणि ते मला अनुदार वाटते. दत्तक मूल, विधवेच्या आधीच्या नवऱ्याचे मूल, अविवाहित आईचे आडनाव लावणारा मुलगा, वारसा मिळावा म्हणून सासऱ्याचे आडनाव घेणारा जावई, यांतल्या प्रत्येक वाटेने आडनाव एकीकडे आणि वाय दुसरीकडे जाते. शिवाय वर सांगितलेला दुसरा, लहान वंशही या ‘न जुळणाऱ्यांत’ असू शकतो. व्यभिचार नव्हताच असे नाही. लेस्टरच्या वाहनतळाखाली २०१२ मध्ये सापडलेला राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा आईकडून येणाऱ्या डीएनएवरून ओळखता आला, पण कागदोपत्री त्याच्याच पितृकुळातील असलेल्या आजच्या पुरुषांशी त्याचे वाय जुळले नाही. इतकेच नव्हे, तपासलेल्या पाच जणांपैकी एकाचे वाय उरलेल्या चौघांशीही जुळले नाही. इंग्लंडमधील सर्वांत काळजीपूर्वक जपलेल्या वंशावळींपैकी एकीची ही गत.

शुद्ध रक्ताचा अभिमान बाळगणाऱ्यांनी यॉर्कशायरमधील आणखी एका दुर्मीळ आडनावाची हकीकत वाचावी. ते आडनाव लावणाऱ्या १८ पुरुषांपैकी ७ जणांत पश्चिम आफ्रिकेतील अतिशय दुर्मीळ प्रकारचे वाय गुणसूत्र आढळले. २००७ मध्ये हे प्रसिद्ध होईपर्यंत त्यांपैकी कुणाला आपल्या आफ्रिकी पूर्वजाची गंधवार्ताही नव्हती. आणि वाय म्हणजे तरी काय? दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येकाला १,०२४ पूर्वजांची घरे भरायची असतात, आणि आडनाव व वाय मिळून त्यांतल्या एकाच माणसाबद्दल बोलतात. उरलेले १,०२३ त्या वायच्या अहवालात कुठेच नसतात.

कर्नल साइक्स यांचे वाय त्या निम्म्यांतले होते की उरलेल्यांतले, हे त्यांच्या पितृवंशातील एखाद्या हयात पुरुषाची चाचणी केल्याशिवाय सांगता येणार नाही. माळरानावरच्या त्यांच्या चंडोलाला मात्र तपासून उपयोग नाही. पक्ष्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रे झेड आणि डब्ल्यू ही असतात. नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू, आणि वाय कुणाकडेच नसते.