पूल क्यूची रिंग फुगत नाही, लाकूड आकसतं

सोलापुरात पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की हाताने बनवलेल्या पूल क्यूच्या (पूल खेळायच्या काठीच्या) जॉइंटवरची, म्हणजे तिचे दोन भाग जिथे स्क्रूने जुळतात तिथली, धातूची रिंग बोटाला लागायला लागते. जानेवारीत जिथे हात सरळ फिरत होता, तिथे मे महिन्यात नख अडतं. कारण विचारलं तर बहुतेकांचं उत्तर तयार असतं: उन्हाने धातू तापला आणि प्रसरण पावला. शाळेत शिकलेला हा नियम खरा आहे, पण आकडे मांडले की तो इथे पुरत नाही.

रिंग बहुधा जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूची असते. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढलं की हा धातू लाखात सुमारे १.७ भागांनी वाढतो. जॉइंटपाशी क्यूचा व्यास २१ मिमी धरा आणि तापमान २५ वरून ४५ अंशांवर गेलं असं समजा. रिंगचा व्यास वाढेल ०.००७ मिमी. एवढी पायरी नखाला कळत नाही. पितळ थोडं जास्त वाढतं, ॲल्युमिनियम त्याहून जास्त, पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच सगळं संपतं.

मग पायरी येते कुठून? शेजारच्या लाकडातून. रिंग जागेवरच असते, लाकूड आकसून तिच्या पातळीच्या खाली जातं. पावसाळ्यात दारं फुगून चौकटीत अडकतात, त्याच घडामोडीची ही उन्हाळी बाजू.

लाकडाच्या पेशीभित्तिका सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या बनलेल्या असतात. तंतूंवर हायड्रॉक्सिल गट असतात आणि पाण्याचे रेणू त्यांना हायड्रोजन बंधाने धरून राहतात. हवा दमट झाली की रेणू तंतूंच्या मधे शिरतात, तंतू एकमेकांपासून सरकतात आणि भिंत जाड होते. हवा सुकली की याच्या उलट. बहुतेक तंतू झाडाच्या उंचीच्या दिशेने गेलेले असल्यामुळे लांबीत लाकूड जवळपास हलतच नाही. हलतं ते आडवं, आणि त्यातही दोन दिशा वेगळ्या वागतात. गाभ्याकडून सालीकडे जाणारी अरीय दिशा, आणि वाढीच्या वलयांना धरून जाणारी स्पर्शीय दिशा. किरणपेशींचे पट्टे अरीय दिशेने पसरलेले असतात आणि ते त्या दिशेची हालचाल काही प्रमाणात रोखून धरतात. स्पर्शीय दिशेला असा आवळ नसतो. क्यूसाठी वापरलं जाणारं हार्ड मेपल हे लाकूड ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत अरीय दिशेने ४.८ टक्के आकसतं, स्पर्शीय दिशेने ९.९ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट.

हे आकसणं आर्द्रांश, म्हणजे लाकडातल्या पाण्याचं प्रमाण, साधारण ३० टक्क्यांच्या खाली आला की सुरू होतं. म्हणजे आर्द्रांश १ टक्क्याने घटला की स्पर्शीय दिशेने सुमारे ०.३३ टक्के. मे महिन्यातल्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांवर आली की उघडं लाकूड हळूहळू ४ ते ५ टक्के आर्द्रांशाकडे जातं. ऑगस्टच्या ७५ टक्के आर्द्रतेत तेच लाकूड १३-१४ टक्क्यांकडे सरकतं. क्यूवर लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, असतं, क्यू केसमध्ये असतो, म्हणून फरक फक्त ३ टक्क्यांचा धरू. तरी २१ मिमी व्यास स्पर्शीय दिशेने ०.२१ मिमीने घटतो आणि अरीय दिशेने ०.१० मिमीने. धातूच्या प्रसरणाशी तुलना केली तर स्पर्शीय दिशेतला बदल तिप्पट-चौपट नाही, तीसपट आहे.

यातून एक सोपी परीक्षा मिळते. लाकूड आता गोल राहिलेलं नाही, किंचित लंबगोल झालं आहे, रिंग मात्र गोलच आहे. पायरी समोरासमोरच्या दोन बाजूंना जास्त लागते, मधल्या दोन बाजूंना कमी. धातू फुगला असता तर ती सगळीकडून सारखी लागली असती. म्हणूनच मे महिन्यात रिंग घासून सपाट करू नये. पावसाळ्यात लाकूड परत येतं, आणि घासलेली रिंग खड्ड्यात गेल्यासारखी दिसते. हॉलमध्ये पाण्याचा कूलर असेल तर दुपारी दमट आणि रात्री कोरडी अशी हवा रोज बदलते, त्यात पायरीही थोडी कमी-जास्त होऊ शकते.

बनवणाऱ्याने हे आधीच हिशेबात धरायला हवं. लाकूड एका दमात मापावर आणायचं नाही. दर वेळी व्यासातून १ मिमीच्या आसपास काढायचं, उभं टांगून ठेवायचं, वजन स्थिर झालं की पुढची कट घ्यायची. शेवटची कट दिवाळी ते संक्रांत या काळात घेतलेली चांगली, कारण तेव्हा लाकडाचा आर्द्रांश दोन टोकांच्या मधे असतो. नंतर पडणारी पायरी मग उन्हाळ्यात अर्धी वर आणि पावसाळ्यात अर्धी खाली अशी वाटली जाते. शिसव मेपलपेक्षा कमी हलतं. शिसवाच्या बटवर, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागावर, रिंग जास्त काळ सपाट राहते, याचं कारण तेच.

आता रिंग बसवणं. लाकडाच्या टोकावर लेथवर स्टेप, म्हणजे रिंग चढेल असा बारीक भाग, काढायची. रिंगचं भोक १६ मिमी असेल तर स्टेप १५.९ मिमी, म्हणजे इपॉक्सीला (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाला) प्रत्येक बाजूला ०.०५ मिमी जागा मिळते. घट्ट बसवली की इपॉक्सी सगळी बाहेर ढकलली जाते, सांधा कोरडा राहतो आणि काही महिन्यांत रिंग फिरू लागते. स्टेपवर उथळ आडव्या खाचा आणि एक उभी खाच द्यायची, नाहीतर आत अडकलेली हवा रिंगला मागे रेटते. धातूचा पृष्ठभाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून ॲसिटोनने पुसायचा आणि लगेच चिकटवायचं. उशीर केला की ऑक्साइडचा आणि बोटांच्या तेलाचा थर परत चढतो. पाच मिनिटांची इपॉक्सी नको, सावकाश वाळणारी घ्यावी. टेलस्टॉकने, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधाराने, दाब देऊन २४ तास ठेवायचं. झटपट वाळणारी इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागते, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत एवढं तापमान सहज होतं.

धातूच्या दोन्ही बाजूंना काळ्या फिनोलिकच्या (एका कडक प्लास्टिकच्या) पातळ रिंगा लावतात, त्या केवळ शोभेच्या नसतात. लेथवर पॉलिश पेपर फिरवला की धातूची करडी पूड मेपलच्या छिद्रांत शिरते आणि ती तिथून निघत नाही. फिनोलिक तिला थोडं दूर ठेवतं. तरी लाकडावर आधी पातळ सुपरग्लूचा हात द्यायलाच हवा. शेवटचं माप धारदार कार्बाइड टूलने घ्यावं. पेपर मऊ लाकूड पटकन खातो आणि धातू मागे ठेवतो, म्हणजे पायरी पहिल्याच दिवशी तयार.

तांब्याची किंवा पंचधातूची रिंग लावली की नेम सुधारतो, कंपनं शोषली जातात, असं कोणी सांगत असेल तर वजन करून पाहावं. १ मिमी रुंदीची रिंग सुमारे १.३ ग्रॅमची, क्यू ५४० ग्रॅमच्या आसपास. चेंडूच्या मध्यापासून बाजूला मारलेल्या फटक्यात तो सरळ रेषेतून किती ढळतो ते मुख्यतः टिपच्या, म्हणजे क्यूच्या पुढच्या टोकाच्या, मागच्या १५-२० सेंटिमीटरच्या वजनावर ठरतं, जॉइंटची रिंग टिपपासून ७० सेंटिमीटरहून जास्त मागे असते. रिंग दिसायला सुंदर असते, हे पुरेसं कारण आहे. ग्रह आणि ऊर्जा विकणाऱ्यांच्या हातात तिने जाऊ नये.

राहिलं लॅकर. धातूवर त्याची पकड कमी असते, म्हणून रिंगच्या कडेला पांढरी रेघ दिसू लागली तर तिथे थर सुटला आहे असं समजावं. लॅकर ओलाव्याचा वेग कमी करतं, त्याला थांबवत नाही. अनेकजण बाहेरून थरावर थर देतात आणि जॉइंटच्या स्क्रूचं भोक आतून तसंच सोडतात. लाकडाचं उघडं टोक बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने ओलावा घेतं. भोकाच्या आत आणि बटच्या टोपीखाली इपॉक्सीचा एक पातळ हात फिरवायचा, आणि तो सुकल्यावर वर दुसरा.