पत्त्यांचा डाव आणि रुग्णाची फाईल

वृद्धाश्रमात दुपारी चारला भजन असतं. व्हीलचेअर ओळीनं हॉलमध्ये आणून लावतात, ढोलकी सुरू होते आणि एखादी उत्साही कार्यकर्ती म्हणते, ‘आजी, टाळ्या वाजवा ना!’ आजींना त्या वेळी खिडकीपाशी नुसतं बसायचं असतं. पण ते त्यांना कुणी विचारलेलं नसतं. यात वाईट हेतू कुणाचाच नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

खेळ, संगीत, बागकाम, सहली यांच्या आधारानं रुग्णाला बरं करण्याच्या, निदान त्याचे दिवस सुसह्य करण्याच्या कामाला अमेरिकेत ‘थेरप्युटिक रिक्रिएशन’ म्हणतात. तिथं हा रीतसर पेशा आहे, त्याची परीक्षा आहे, आचारसंहिता आहे. करमणुकीला आचारसंहिता कशाला हवी, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतंच. मलाही वाटलं होतं. उत्तरासाठी सव्वादोनशे वर्षं मागं जावं लागतं.

१७९० साली इंग्लंडमध्ये यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स नावाची, क्वेकर या ख्रिस्ती पंथातली बाई दाखल झाली आणि काही आठवड्यांतच वारली. तिला भेटायला गेलेल्या पंथातल्या लोकांना आत सोडलं नव्हतं. विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्यानं मग पुढाकार घेतला आणि १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ हे वेगळं घर उघडलं. तिथं साखळदंड नव्हते. आवारात ससे, कोंबड्या, सीगल पक्षी सोडलेले असत, म्हणजे रुग्णांना जीव लावायला काहीतरी असावं. अधूनमधून चहापान ठेवलेलं असे. त्याला रुग्ण ठेवणीतले कपडे घालून येत आणि नीट, अदबीनं वागत. त्याच सुमारास फ्रान्समध्ये डॉक्टर फिलिप पिनेल हाच, रुग्णाला माणसासारखं वागवण्याचा विचार मांडत होते.

या चहापानावर १९६१ मध्ये फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की साखळी गेली पण नजर आली. पाहुणा म्हणून बोलावलेला रुग्ण तिथं परीक्षा देत असतो. कप कसा धरतो, मध्येच काही बरळतो का, हे यजमान टिपत असतात. ट्यूक यांच्यावर हा जरा अन्यायच आहे, कारण तोवर या माणसांना चहा विचारला होता कुणी? तरी प्रश्न पुढं जन्मभर या पेशाच्या मानगुटीवर बसला. समोरचा खेळतोय आणि आपण त्याला तपासतोय, हे त्याला माहीत आहे का?

अमेरिकेत हे काम आलं ते वस्तीतून आणि युद्धातून. शिकागोला १८८९ मध्ये जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी ‘हल हाऊस’ हे गरीब वस्तीतलं समाजकेंद्र सुरू केलं. तिथं नेव्हा बॉइड यांनी स्थलांतरितांच्या पोरांना सामूहिक खेळ आणि लोकनृत्यं शिकवता शिकवता कार्यकर्त्यांचं प्रशिक्षणही सुरू केलं. पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसनं जखमी सैनिकांच्या इस्पितळांत करमणुकीची माणसं पाठवली. दुसऱ्या महायुद्धानंतर निवृत्त सैनिकांच्या सरकारी इस्पितळांत हे काम कायमचं झालं.

माणसं वाढली तसं भांडणही आलं. एका गटाचं म्हणणं होतं की खेळ हा माणसाचा हक्क आहे, आजारी पडला म्हणून तो सुटत नाही, आपण फक्त वाट मोकळी करायची. दुसरा गट म्हणे, हा उपचार आहे, औषधासारखा मोजून द्यायचा, परिणाम लिहून ठेवायचा. संघटनाही वेगवेगळ्या झाल्या. १९६६ मध्ये त्यांची मोट बांधून एक राष्ट्रीय संस्था केली. पण १९८४ मध्ये उपचारवाले पुन्हा बाहेर पडले आणि अमेरिकन थेरप्युटिक रिक्रिएशन असोसिएशन निघाली. जुनी संस्था २०१० मध्ये बंद झाली.

मधल्या काळात जे घडलं त्यानं हा वाद कागदावरचा राहिला नाही. इलिनॉयमधल्या ॲना इथल्या सरकारी मनोरुग्णालयात १९६०च्या दशकात दोन मानसशास्त्रज्ञांनी टोकनची पद्धत बसवली. काम केलं, नीट वागलं की टोकन मिळायचं आणि ते मोडून हवं ते घ्यायचं. तिथलं दरपत्रक वाचण्यासारखं आहे. सोबतीला माणूस घेऊन आवारात वीस मिनिटांची फेरी, दोन टोकन. वॉर्डातला सिनेमा, एक टोकन. गावात चक्कर, शंभर टोकन. वर्षानुवर्षं निपचित पडलेले रुग्ण उठून कामाला लागले, हे खरं. पण मोकळ्या हवेत फिरणं विकत घ्यावं लागत होतं, हेही तितकंच खरं.

१९७० मध्ये अलाबामात सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं, म्हणून सरकारनं टस्कलुसाच्या ब्राइस मनोरुग्णालयातली शंभरेक माणसं कामावरून काढली. मग रुग्णांच्या उपचारांचं काय, या प्रश्नातून ‘वायट विरुद्ध स्टिकनी’ हा खटला उभा राहिला. न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी १९७२ मध्ये किमान निकष घालून दिले. त्यांत रुग्णाला आठवड्यातून अनेकदा व्यायाम आणि वरचेवर मोकळ्या हवेत जाणं हे हक्क म्हणून आले. इस्पितळ चालवण्याची कामं त्याच्याकडून सक्तीनं करून घ्यायची नाहीत, स्वखुशीनं केली तर किमान वेतन द्यायचं, असंही ठरलं. आता जे हक्काचं आहे ते टोकनच्या बदल्यात कसं विकणार? फेरी आणि सिनेमा ही बक्षिसं म्हणून वापरण्याचा पायाच हलला. खटला मिटायला मात्र २००३ उजाडलं.

१९९० मध्ये नव्या असोसिएशनची आचारसंहिता आली. तिच्यात दहा तत्त्वं आहेत. हित करणं, अपाय न करणं, स्वायत्तता आणि न्याय ही चार वैद्यकीय नीतिशास्त्रातून सरळ उचललेली. पण या पेशात ती लावताना जी तारांबळ उडते ती सर्जनची उडत नाही. पत्ते पिसता पिसता माणूस जे बोलून जातो, ते डॉक्टरांपुढं बोलत नाही. ‘मुलगा येतो तो फक्त सहीसाठी’ हे वाक्य रमीच्या डावात निघालं. ते फाईलमध्ये लिहायचं का? लिहिलं तर विश्वासघात, न लिहिलं तर कदाचित निष्काळजीपणा. म्हणून डाव मांडण्याआधीच सांगायचं, की मी इथं कामावर आहे आणि काही गोष्टी नोंदवाव्या लागतात. तसंच मैत्रीचं. ज्याच्यासोबत पोहायला जायचं, सहलीला जायचं, हसायचं-खिदळायचं, त्याच्याशी पेशाचं अंतर राखायचं म्हणजे तारेवरची कसरत. आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला फूस न लावता, रुसून न दाखवता नको म्हणू देणं, हे बहुधा सगळ्यांत अवघड.

आपल्याकडे हा पेशा म्हणून रुजला नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत ही कामं मुख्यतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट, समाजसेवा अधीक्षक आणि नर्सच्या अंगावर पडतात. ज्येष्ठांसाठी पुण्यात ‘विरंगुळा केंद्र’ हा शब्द मात्र छान रुळला आहे. विरंगुळा कुणी कुणाला डोस म्हणून देत नाही.

कायद्यानं मात्र दोन्ही बाजू घेऊन ठेवल्या आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं २०वं कलम रुग्णाच्या प्रतिष्ठेचं आहे. त्यात विरंगुळा आणि करमणुकीच्या वाजवी सोयी हा हक्क आहे, आणि त्याच यादीत सक्तीचं काम नको, सक्तीनं डोकं भादरणं नको, हेही आहे. २०२१चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा वेगळ्या दारानं येतो. त्याच्या अनुसूचीत कला, नृत्य आणि हालचालींच्या उपचारकांबरोबर एका कंसात ‘रिक्रिएशनल थेरपिस्ट’ हे नाव बसवलं आहे. एका कायद्यात ती रुग्णाची गोष्ट आहे, दुसऱ्यात उपचारकाची.