स्पॅनिशमधलं ‘हॉट’: कालिएंते की पिकांते?

इंग्रजीत चहाही हॉट आणि ठेचाही हॉट. स्पॅनिशमध्ये तसं चालत नाही. चहा ‘कालिएंते’, ठेचा ‘पिकांते’. आपल्याकडेही गरम वेगळं आणि तिखट वेगळं, म्हणून मराठी माणसाला हा फरक खरं तर शिकावाच लागू नये. तरी घोळ होतो, कारण आपण स्पॅनिश बहुतेक वेळा इंग्रजीतून शिकतो. शब्दकोशात ‘हॉट’ शोधलं की समोर आधी ‘कालिएंते’ येतो, आणि तोच आपण सगळीकडे वापरतो. मेक्सिकोत टाकोच्या गाडीवर तिथल्या चटणीबद्दल ‘साल्सा कालिएंते आहे का?’ असं विचारलंत, तर ‘नाही’ हे उत्तर अगदी प्रामाणिक असू शकतं. साल्सा थंडच असते. तोंड पोळल्यावर तक्रार कुणाकडे करणार?

तिथे विचारायचं एवढंच: ‘पिका?’ म्हणजे ‘झोंबते का?’ पिकांते हा शब्द ‘पिकार’ या क्रियापदापासून आला आहे आणि हे क्रियापद फार कामाचं आहे. डास चावला तरी पिकार, मधमाशीने डंख मारला तरी पिकार, लोकरीचा स्वेटर अंगाला खाजला तरी पिकार, आणि मिरची झोंबली तरी पिकारच. म्हणजे स्पॅनिशमध्ये तिखटाचा उष्णतेशी संबंध नाही, टोचण्या-डसण्याशी आहे. मेक्सिकोत पिकांतेऐवजी ‘पिकोसो’ही सर्रास ऐकू येतं. तिथे तिखट लागून नाका-डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं की त्यासाठी मिरचीवरूनच केलेलं वेगळं क्रियापद आहे, ‘एंचिलार्से’. ‘मिरची लागली’ हे आपण टोमण्यासाठी राखून ठेवलंय. त्यांनी त्याचं सरळ क्रियापद केलं.

खुद्द स्पेनमधलं रोजचं जेवण आपल्या हिशेबाने सपकच. तिथल्या मिरचीपुडीच्या डब्यावर, म्हणजे पिमेंतोनवर, ‘दुल्से’ (गोड) की ‘पिकांते’ हे लिहिलेलं असतं, ते वाचून घ्यावं. गालिसिया प्रांतातल्या पाद्रोन गावच्या छोट्या हिरव्या मिरच्या तेलात परतून, वर जाडं मीठ भुरभुरून देतात. त्यांच्याबद्दल लोक म्हणतात, काही झोंबतात, काही नाही. खाल्ल्याशिवाय कळायचं नाही.

मिरचीच्या नावाचीही गंमत आहे. कोलंबस निघाला होता काळ्या मिरीच्या शोधात. हाती लागली मिरची. मिरीला स्पॅनिशमध्ये ‘पिमिएंता’, म्हणून या नव्या फळाला ‘पिमिएंतो’ म्हटलं गेलं. पोर्तुगीजांमार्फत तेच फळ आपल्या किनाऱ्यावर आलं, आणि आपणही मिरीवरूनच मिरची केली. मेक्सिकोत मात्र तिथल्या मूळच्या नावात्ल भाषेतलं ‘चिले’ टिकलं, तर कॅरिबियन बेटांवर आणि दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच भागात ‘आही’ चालतं. चिली नावाच्या देशातसुद्धा मिरचीला आहीच म्हणतात!

इंग्रजीला मात्र अगदीच अडाणी ठरवू नये. आपल्या जिभेवरच्या मज्जातंतूंच्या टोकांना टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता लागली की ते मेंदूला पोळल्याचा निरोप धाडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्याच प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तोच निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हे दाखवून दिलं. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. तेव्हा शरीराच्या पातळीवर गरम आणि तिखट खरोखरच एका दारातून आत येतात. ‘तोंडाची आग झाली’ असं आपणही म्हणतोच की.

खरी पंचाईत पुढे आहे, आणि तिथे पिकांते नाही, कालिएंतेच गोत्यात आणतं. मे महिन्यात सेव्हियात घाम पुसत ‘एस्तोय कालिएंते’ म्हणालात, तर ऐकणारे गालात हसतील. शब्दशः ‘मी गरम आहे’, पण स्पॅनिशमध्ये त्याचा रूढ अर्थ कामातुर असा होतो. उकडत असेल तर ‘तेंगो कालोर’ म्हणायचं, म्हणजे ‘माझ्याकडे उष्मा आहे’. हवेबद्दल बोलायचं तर ‘आसे कालोर’; स्पेनच्या बहुतेक भागात पहिला शब्द ‘आथे’ असा ऐकू येईल. इथेही इंग्रजीतून गेलं की चुकतं. मराठीत ‘मला उकडतंय’ आणि नुसतं ‘उकडतंय’ या दोन वाक्यांत जो फरक आहे, तोच धरून चाला. त्या उकाड्याच्या दिवसाला ‘कालुरोसो’ म्हणतात, आणि उबदार हवामानाला किंवा प्रेमळ स्वागताला ‘कालिदो’.

व्याकरण थोडक्यात. कालिएंते आणि पिकांते दोन्ही लिंगानुसार बदलत नाहीत, फक्त अनेकवचनात शेवटी ‘स’ येतो. सूप आत्ता गरम आहे, हे सांगायला ‘एस्ता कालिएंते’. एखादी साल्सा मुळातच तिखट असते, हे सांगायला ‘एस पिकांते’. तीच साल्सा चाखून ‘बाप रे, तिखट लागतेय’ म्हणायचं झालं, तर पुन्हा ‘एस्ता’.

आणि हॉटेलातला नळ सोडताना जरा जपून. मेक्सिकोत किंवा स्पेनमध्ये नळावर ‘सी’ अक्षर असेल, तर इंग्रजीच्या सवयीने ते ‘कोल्ड’चं वाटतं. ते कालिएंतेचं असतं. थंड पाण्याच्या नळावर ‘एफ’ असतं, ‘फ्रिया’चं.